सांगितलेला कोंबडा

आमच्या घरात कोणता कोंबडा ठेवायचा हे ह्यांनीच ठरवायचं. घराला रंग कुठला द्यायचा, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, परसात माड लावायचा की आंबा, ह्या सगळ्यात मी तोंड घातलं आणि बहुतेक वेळा माझंच खरं केलं. खुराड्यापुढे मात्र मी गप्प. शाळेत पोरांना मराठी शिकवून मी घरी यायची तेव्हा आमचे हे अंगणात उकिडवे बसलेले असायचे, नवी पिल्लं निरखत. एवढं काय बघताय म्हणून विचारलं तर म्हणायचे, "तुझ्या पोरांची परीक्षा असता, तशी ही माझी."

हे डिचोलीला खाणीवर मोठी मशीन चालवायचे. खाणी बंद पडल्या आणि ते हळर्णला घरी बसले, पण आवाज काही घरी बसला नाही. सगळा जन्म मशिनीच्या वर ओरडून बोलायची सवय. चहा मागितला तरी शेजाऱ्यांना कळायचं. मी म्हणायची, अहो, हळू, मी काय डंपरच्या पलीकडे उभी आहे? त्यावर ते आणखी मोठ्याने हसायचे.

त्यांची परीक्षा साधी होती. पिल्लांतले नर वाढू लागले, तुरे लाल झाले, आरवताना गळा फुटू लागला की एक दिवस सकाळी सगळ्यांना उपाशी ठेवायचं. मग अंगणात मूठभर कणी टाकायची आणि बाजूला बसून राहायचं. जो नर धावत येऊन पहिला दाणा गिळतो तो बाद. जो दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो, आणि टुक टुक करून कोंबड्यांना बोलावतो, त्या खाऊ लागल्या की मान तिरकी करून एका डोळ्याने वर आभाळात घार आहे का बघतो, तो ठेवायचा. बाकीचे सागुतीला किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला. मी एकदा पांढऱ्याशुभ्र पिसांच्या एका देखण्या नराची बाजू घेतली तर मला म्हणाले, "रंग बघून काय करतलंस? तेका काय नाटकात उभो करूचो आसा?"

तर असा माणूस. आणि गेल्या थंडीत एका सकाळी, पोदेर पाव देऊन सायकलवरून पुढे गेला, मी पावाचा तुकडा चहात बुडवला, आणि हे कदेलीवरून, म्हणजे व्हरांड्यातल्या त्या जुन्या खुर्चीवरून, उजव्या बाजूला कलंडले. डोळे उघडे होते. तोंड हलत होतं. शब्द येत नव्हता.

इस्पितळात त्यांना आत नेलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. मुलगा कागदपत्रांसाठी धावत होता. मी देवभोळी आहे असं मला कुणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. शाळेत पोरांना मी उपास-नवसापेक्षा अभ्यास करा म्हणून सांगणारी. पण त्या बाकावर माझं सगळं शिक्षण कुठे गेलं कोण जाणे. माझ्या तोंडून वाड्याच्या राखणदाराचं नाव आलं. आमच्या गावात प्रत्येक वाड्याला राखणदार असतो, झाडाखाली दगड असतो, वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, त्याची राखण करतात: रोट, दारू आणि कोंबडा. मी हात जोडून म्हटलं, राखणीच्या आधी ह्यांना बोलू दे. घरी कोंबडी पिल्लं घेऊन फिरते आहे. त्या पिल्लांतला सगळ्यात चांगला कोंबडा तुझा.

नुसतं कोंबडा म्हटलं असतं तरी चाललं असतं. नाही, सगळ्यात चांगला म्हटलं. देवाशी बोलतानाही मी मास्तरीणच.

जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय लुळा झाला, पण धरून धरून चालता येऊ लागलं. बोलणं गेलं. सगळं समजत होतं, ऐकू येत होतं, मोबाइलवर नातेवाइकांचे चेहरे बघून डोळ्यांत पाणी यायचं. पण तोंडातून यायचं ते फक्त "बा". पाणी पाहिजे तरी बा, राग आला तरी बा. आणि आता हसावं की रडावं ते सांगा: आमच्या घरात कोंबड्यांना हाक मारायची ती "बा बा बा" म्हणून, इतरांकडे काय म्हणतात मला ठाऊक नाही. हे व्हरांड्यात बसून काही सांगायचा जीव तोडून प्रयत्न करायचे, आणि परसातल्या कोंबड्या पंख पसरून धावत यायच्या. मी झाडू घेऊन त्यांच्या अंगावर जायची. "मेल्यांनो, तुमका नाय बोलावणत!" कोंबड्यांवर एवढी चिडलेली बाई अख्ख्या पेडण्यात नसेल.

म्हापशाला बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक बाई होती. तिच्याकडे आठवड्याला जायचो. ती आरसा धरायची, आ म्हणा, ई म्हणा, आणि हे घामाघूम व्हायचे. मी घरी आल्यावर पुन्हा तेच करून घ्यायची. पोरांकडून बाराखडी गिरवून घेतलेला हा हात, म्हटलं ह्यांच्याकडूनही घेईन. ते करायचे. मला वाईट वाटू नये म्हणून करायचे, हे आता कळतं. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच येतं, नंतर फार अपेक्षा धरू नका. मुलाने मला सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टरला काय ठाऊक, तो ह्यांना ओळखतो का?

इकडे पिल्लं वाढत होती. जुना कोंबडा शिमग्याच्या सुमारास गेला. गावच्या जुन्या किल्ल्याच्या बाजूच्या रानातून कोल्हं आलं, कोंबड्या आत पळाल्या, आणि तो बाहेर उभा राहिला. सकाळी नुसती पिसं. ह्यांनी बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे आता खुराड्याला कोंबडा हवाच होता, आणि तो ह्याच पिल्लांतून यायचा होता. बाकीचे नर बारीक निघाले, ते गेले. उरले दोन. एक तांबडा, मानेवर सोनेरी झाक, पाय जाड, आणि दुसरा कवडा, म्हणजे काळ्यावर पांढरे ठिपके असलेला.

कुठला चांगला हे कळायला मला ह्यांची परीक्षा लागली नाही. कवडा खादाड होता, आणि वर भित्रा. कावळा ओरडला तरी तुळशीच्या मागे. तांबडा पोरवयातच पिल्लांच्या आणि मांजराच्या मध्ये उभा राहायचा. तेव्हा एक दिवस हे आत झोपलेले असताना मी तांबड्याला धरलं, राखणदाराच्या दिशेला तोंड करून उभी राहिले आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. हा तुझा, म्हटलं. पायांवर पाणी घातलं की कोंबडा सांगितलेला झाला. मग तो विकायचा नाही, कापायचा नाही, आणि आमच्या घरची रीत अशी की तो कोंबड्यांत सोडायचाही नाही. वर्षाच्या राखणीला कुठलाही चालतो, पण नवसाला कोरा कोंबडा जातो, आणि अंगावर जखम नसलेला. एकदा घरच्या कोंबड्यांचा झाला की तो देवाचा राहिला नाही.

घाई केली, दुसरं काय. काम व्हायच्या आधी पायांवर पाणी घालायचं नसतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, देवाने बघू दे की मी शब्द पाळणारी आहे. म्हणजे तोही पाळेल.

तेव्हापासून तांबडा टोपलीखाली. सकाळी थोडा वेळ पायाला दोरी बांधून पेरूच्या झाडाखाली, मग पुन्हा टोपली. व्हरांड्यातून ह्यांना ती टोपली समोरच दिसायची. आत तांबडा आरवायचा आणि बाहेर कवडा कोंबड्यांच्या मागे लागून त्यांना हैराण करायचा, दाणे त्यांच्या तोंडातून हिसकावायचा. हे डाव्या हाताने टोपलीकडे दाखवायचे, बा, बा, आणि कपाळाला आठ्या. मला स्पष्ट कळायचं ते काय म्हणतायत: अगं बाई, उलटं करते आहेस, तो आत कशाला आणि हा बाहेर कशाला? मी म्हणायची, दोघे मारामारी करतात म्हणून. ते खोटं नव्हतं. एकदा दोर सुटला तेव्हा दोघे असे भिडले की मी मध्ये पडले आणि माझ्या हाताला चोच लागली. पण ते खरंही नव्हतं. नवसाचं त्यांना सांगितलं असतं तर त्याचा अर्थ असा झाला असता की मी रोज सकाळी त्यांच्या तोंडाकडे बघते आणि दिवस मोजते. ते मला त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

काजूचा मोसम आला. सगळ्या गावाला भट्ट्यांचा वास. राखण जवळ आली, आणि तोंडातून बा सोडून काही येईना.

मुलगा औषधांच्या कारखान्यात शिफ्टला जातो, तो एका संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणाला, "आये, तो तांबडो असोच कुजवतलंस काय टोपलेखाली? एक खंयचो तो ठेव आणि एक काप. दोघेय कोंबेच मगे." तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "मग तांबडो देवन टाक. बाबा बोलतले तेव्हा बोलतले. देवाचा देणा तरी ठेवू नको." मी म्हटलं, अरे पण देणं झालेलंच नाही, त्याने त्याचं काम केलं नाही. "मग ठेव तांबडो," तो म्हणाला. मी म्हटलं, तो ठेवला तर काय होतं कळतं का तुला? तो ठेवला म्हणजे मी म्हटलं की आता होणार नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि उठून हातपाय धुवायला गेला. त्याने उत्तर दिलं नाही याचा मला इतका राग आला की मी जेवताना त्याला आमटी वाढलीच नाही.

राखणीला गाऱ्हाणं घालतो तो घाडी. इतर दिवशी तो विहिरीचे पंप दुरुस्त करतो. आमचा पंप जळाला म्हणून तो आला होता, हात काळे, कानावर पेन्सिल. जाताना त्याने टोपली उचलून तांबड्याकडे बघितलं. घाड्याला सांगितलेला कोंबडा लगेच कळतो.

"वैनी, काम झाला?"

"होतंय," मी म्हटलं.

त्याने व्हरांड्याकडे पाहिलं. हे तिथे बसले होते, डावा हात वर करून त्याला नमस्कार करत होते. बा, म्हणाले. घाड्याने नमस्कार केला आणि आवाज खाली आणून मला म्हणाला, "आगाव दिलेलो देव घेता, घेणा नाय असा नाय. पण गाऱ्हाण्यात माका 'झाला' म्हणूक सांगू नकात. थंय उभो रवान मी खोटा बोलणंय नाय."

दोनच वाटा होत्या. तांबडा देवाला द्यायचा, अजून होईल म्हणून, आणि कवड्यासारख्या नालायकाच्या हाती खुराडं सोपवायचं. नाहीतर तांबडा घरी ठेवायचा आणि मान्य करायचं. आणि मला मान्य करायचं नव्हतं. मी मनाशी ठरवलं होतं की तांबडा द्यायचा. पण एक हट्ट राहिला होता. कोंबडा ठरवण्याचा मान ह्यांचा, तो मी आजवर घेतला नव्हता, आणि माणूस बोलत नाही म्हणून त्याचा मान काढून घ्यायचा हे मला जमेना. मला वाटलं, परीक्षा घेऊ. उपाशी कोंबड्यांच्या गडबडीत कदाचित हे कवड्यावरच बोट ठेवतील. मग माझं मन साफ.

राखणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी ह्यांची खुर्ची अंगणात काढली, धरून आणून बसवलं, आणि कणीचं भांडं मांडीवर दिलं. त्यांच्या लक्षात आलं. कित्येक महिन्यांनंतर त्यांची पाठ ताठ झालेली मी बघितली. मुलगा दारात उभा होता, पटकन कुणाला धरावं लागलं तर. थोडा वेळ सोडला म्हणून काही बिघडत नाही असं मी राखणदाराला मनात सांगितलं आणि टोपली उचलली.

ह्यांनी डाव्या हाताने कणी फेकली. हाताला सवय नाही, ती सगळी एकाच जागी पडली. कवडा धावला, दोन कोंबड्यांना तुडवून मध्ये घुसला आणि गपागप गिळू लागला. तांबडा जागचा हलला नाही. मला वाटलं, इतके दिवस टोपलीखाली राहून विसरला असेल. सुटले. मग ह्यांनी दुसरी मूठ टाकली, ती तांबड्याच्या पायाशी. त्याने एक दाणा उचलला, खाली टाकला. उचलला, टाकला. आणि बोलावू लागला. कोंबड्या कवड्याला सोडून त्याच्याकडे गेल्या. तो बाजूला सरकून उभा राहिला, पोटात काही नसताना, आणि मान तिरकी करून वर बघू लागला.

ह्यांनी बोट दाखवलं. तांबडा.

"नीट बघा," मी म्हटलं. "परत टाका."

त्यांनी परत टाकली नाही. बोट तसंच धरलं.

"अहो, कवडा वजनाला जास्त आहे. सुधारेल तो. अजून लहान आहे."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझीच लाज वाटली. कोंबड्यांच्या बाबतीत त्यांना मूर्ख बनवायला निघाले होते. तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडूनच बोलले, शेजारी ऐकतील ह्याची पर्वा न करता. "तो सांगितलेला आहे! राखणदाराला! तुम्ही बोलावं म्हणून सांगितलाय! आता दाखवा बोट!"

मुलगा म्हणाला, "आये." अंगणात नुसता चोचींचा आवाज.

त्यांनी हात खाली घेतला. खूप वेळ ते कोंबड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ते रडतील, कारण हा आजार झाल्यापासून त्यांना पटकन रडू येतं. ते रडले नाहीत. त्यांनी डावा हात उचलला, दोन बोटं आपल्या ओठांवर ठेवली, आणि मग पंजा उलटा करून दाखवला, आपल्याकडे दुकानात माल संपला की दुकानदार दाखवतो तसा. नाही. संपलं. आणि पुन्हा तांबड्याकडे बोट.

मला कळलं नाही असं कसं म्हणू? इतका स्पष्ट शब्द त्यांनी धडधाकट असतानाही कधी उच्चारला नव्हता. त्यांना ठाऊक होतं. मी आरसा धरून आ म्हणा, ई म्हणा करत होते तेव्हाही त्यांना ठाऊक होतं. मी एकटीच वाट बघत बसले होते आणि ते माझ्याबरोबर बसले होते, मला सोबत म्हणून.

आणि मला काय आलं असेल तर राग. मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतं? तुम्ही डॉक्टर झालात? एवढ्यात हात टेकलेत? मी नाही टेकले ना!" मी बोलत होते आणि ते ऐकत होते, आणि बोलता बोलता मी खाली बसले, तिथेच शेणाने सारवलेल्या जमिनीवर, आणि रडले. पुष्कळ रडले. इस्पितळात रडले नव्हते, ते सगळं. ह्यांनी भांडं माझ्यापुढे धरलं. मी डोळे पुसून बघते तर त्यांना कणी टाकायची होती आणि भांड्याच्या तळाशी हात पोचत नव्हता. मी भांडं तिरकं करून धरलं.

मुलगा टोपली घेऊन पुढे आला. मी त्याला म्हटलं, राहू दे, तांबडा राहू दे बाहेर. त्याने टोपली कवड्यावर टाकली.

राखणीला आमच्या वाड्यावरच्या बायका जात नाहीत. रोट बायका भाजतात, पण न्यायचं पुरुषांनी, आणि तिथला प्रसाद पुरुषांनीच खायचा. लग्न करून आल्यापासून मी कधी गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा कवड्याला काखेत धरून निघाला तेव्हा मी पदर खोचला आणि त्याच्या मागून चालू लागले. तो म्हणाला, "आये, तू खंय?" मी म्हटलं, "शब्द मी दिला होता. तू दिला नव्हतास." ह्यांना शेजारच्या बाईच्या भरवशावर व्हरांड्यात बसवलं होतं. त्यांनी मला अडवलं नाही.

राखणदाराचं झाड शेतांच्या कडेला आहे. खाली दगड, चुना लावलेला, मेणबत्त्या, दारूच्या बाटल्या, केळीच्या पानावर रोट. वाड्यावरचे सगळे पुरुष जमलेले. मला बघून बोलणं थांबलं. एक म्हातारे काही म्हणणार होते, मग माझ्या तोंडाकडे बघून राहिले. मी चिऱ्यांच्या बांधाशी उभी राहिले, आत गेले नाही. एवढी रीत मीही पाळली.

घाडी धुतलेलं धोतर नेसून आला होता. त्याने दगडापुढे उभं राहून गाऱ्हाणं सुरू केलं. एकेक घर घ्यायचं, त्या घराचं मागणं सांगायचं, आणि जमलेल्यांनी एका सुरात हो म्हणायचं. कुणाच्या मुलाला परदेशी नोकरी, कुणाच्या गाईचं दूध, कुणाच्या कोर्टातल्या जमिनीचा निकाल. प्रत्येकाला "व्हय महाराजा." मग आमच्या घराशी तो थांबला. मुलाच्या काखेतला कवडा त्याने बघितला. माझ्याकडे वळला.

"वैनी, हो कवडो सांगितलेलो न्हय."

"न्हय," मी म्हटलं. "सांगितलेला घरी ठेवलाय."

सगळ्या माना फिरल्या.

"मगे काम?"

शाळेत पोरांना मोठ्याने उत्तर द्यायला लावलं मी, आयुष्यभर. उठून उभं राहून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं. आता माझी पाळी.

"काम झालं नाही," मी म्हटलं. "ते बोलत नाहीत. आता बोलणारही नाहीत."

मुलाने मान खाली घातली. हे वाक्य मी तोवर स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं, आणि ते म्हटल्यावर झाड जागच्या जागी होतं, माणसं होती, मीही होते.

घाडी थोडा जवळ आला. त्याच्या नखांत अजून पंपाचं काळं होतं. "मग गाऱ्हाण्यात काय घालू, वैनी?" त्याने हळू विचारलं. "काय तरी घालूक होया."

वाटेत काय म्हणायचं ते मी ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर मी शुद्ध मराठीत, नीट वाक्य करून म्हणाले असते. तसं झालं नाही. मी ह्यांच्यासारखं बोलले, त्यांच्याच भाषेत, आणि त्यांच्याएवढ्या मोठ्याने.

"सांग तेका," मी म्हटलं, "वाचा नेलंस ती ने. परत मागणंय नाय. पण माणूस नेव नको. बसलो आसा तसो बसान रवांदी. माका तो तसोच होयो."

घाडी दगडाकडे वळला, हात जोडले, आणि माझं म्हणणं जसंच्या तसं, एक शब्द न बदलता, गाऱ्हाण्याच्या सुरात त्याने राखणदारापुढे ठेवलं. सगळे पुरुष म्हणाले, "व्हय महाराजा." मुलाचा आवाज त्यात मला वेगळा ऐकू आला. बायकांनी हे म्हणायचं नसतं. मी म्हटलं.